झेंड्याची काठी

“पण खुर्चीवर बसायला तुमची हरकत काय आहे, गुरुजी?”

भुजंग गुरुजी रांगेत उभे होते. खडी फोडणाऱ्यांच्या रांगेत, डावीकडून पाचवे.

“खुर्च्या किती आणल्यास?”

“सात.”

“आणि माणसं?”

विश्वंभरने रांगांवरून नजर फिरवली. माणसं चारशेच्या वर होती.

“तुमच्या नावाची खुर्ची आहे,” तो म्हणाला. “साहेब तुम्हाला ताम्रपट देणार आहेत. सगळ्यांसमोर.”

“देतील तेव्हा दोन पावलं पुढं येईन.”

ते दुष्काळाचं साल होतं. स्वातंत्र्याला त्या दिवशी पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. दगडवाडीच्या डोंगराखाली पाझर तलावाचं सरकारी काम चाललं होतं आणि आजूबाजूच्या नऊ गावांतली माणसं तिथे येऊन दगड फोडत होती. ऑगस्ट अर्धा सरला होता. आभाळ वैशाखासारखं कोरडं होतं.

झेंडावंदन कामावरच करायचं ठरलं. व्यवस्था विश्वंभरने मागून घेतली. तो तालुक्याच्या हायस्कुलात कवायतीचा मास्तर होता, सव्वीस वर्षांचा. त्याने उभी केलेली रांग दोरी लावल्यासारखी सरळ असे, आणि याचा त्याला अभिमान होता.

चौथीपर्यंत तो दगडवाडीतच शिकला होता. भुजंग गुरुजींकडे.

गुरुजींचं सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. निजामाच्या राज्यात तिरंगा लावायला बंदी होती, तेव्हा त्यांनी तो गावच्या चावडीवर लावला. पोलिसांनी बंदुकीच्या दस्त्याने त्यांचं डावं मनगट मोडलं. मग तेरा महिने तुरुंग. मनगट वाकडंच सांधलं.

आता ते सत्तरीला आले होते. बायको गेली होती, शाळा सुटली होती. गाव खडी फोडायला निघालं तेव्हा तेही हातोडा घेऊन गावाबरोबर निघाले. का, ते कुणी विचारलं नाही.

विश्वंभरने आज विचारलं.

“गुरुजी, तुम्हाला देशाचा राग आलाय का?”

“का रे?”

“लोक बोलतात. ज्यानं झेंड्यासाठी हात मोडून घेतला तो खडी फोडतोय, म्हणतात. राग येणारच.”

गुरुजींनी डोळ्यांवर हात धरून डोंगराकडे पाहिलं.

“राग आपल्या माणसावरच धरता येतो.”

“म्हणजे आलाय.”

“म्हणजे देश आपला आहे.”

…

झेंडा साडेआठला फडकायचा होता.

काठी म्हणजे पंधरा फुटी भरीव वेळू. विश्वंभरने तो शाळेतून दोन गड्यांच्या खांद्यावरून आणवला होता, कारण दगडवाडीच्या शिवारात सरळ लाकूड उरलंच नव्हतं. झाडं आधी चाऱ्यासाठी ओरबाडली गेली, मग सरपणासाठी तुटली. वेळूच्या टोकाला झेंडा घडी करून बांधला होता. घडीत फुलं ठेवतात. फुलं नव्हती. विश्वंभरने शाळेतल्या मुलींकडून रंगीत कागदाचे कपटे करून घेतले होते. दोरीला एक हिसका दिला की झेंडा उघडेल, कपटे खाली येतील आणि चारशे माणसं राष्ट्रगीत म्हणतील.

राष्ट्रगीत त्याने आठ दिवस येऊन बसवून घेतलं होतं. बायांना शब्द जमत नव्हते. त्यांनी चाल धरली होती.

माणसं सातलाच उभी राहिली.

साडेआठ झाले. नऊ झाले. साहेबांची जीप दिसेना.

साडेनऊला तिसऱ्या रांगेतली एक बाई खाली बसली. विश्वंभर तिच्याजवळ गेला.

“बाई, उभ्या राहा. थोडाच वेळ. साहेब येतीलच.”

ती हाताचा रेटा देऊन उठली. तिचं नाव सोजर. पोटुशी होती, पण ते पदराखाली झाकलं होतं आणि विश्वंभरची नजर रांगेवर होती.

ती पुन्हा बसली. या वेळी उठली नाही.

शेजारची पारूबाई रांग सोडून विश्वंभरकडे आली. म्हातारी होती. शिवारातली अर्धी बाळंतपणं तिनेच केली होती.

“मास्तर, सोजरला रगत जातंय. आठवा हाय तिला. दवाखान्यात न्याया पायजे.”

“डॉक्टर जीपमध्येच आहेत,” विश्वंभर म्हणाला. “साहेबांबरोबर येणार आहेत. मीच निमंत्रण दिलंय. आले की ते बघतील. लागलं तर जीपमधून नेऊ.”

“कवा येणार?”

“आत्ता येतील.”

सोजरचा नवरा लिंबाजी पाठीमागच्या रांगेत होता. तो पुढे आला आणि बायकोशेजारी टेकला. त्याने कुणाला काही विचारलं नाही. विश्वंभरच्या तोंडाकडे मात्र बघत राहिला.

“आत्ता येतील,” विश्वंभर त्यालाही म्हणाला.

दहा वाजले होते.

बायांनी सोजरभोवती लुगड्यांचा आडोसा केला. उरलेली माणसं उभीच होती. विश्वंभर रांगांमधून फिरत होता आणि दर थोड्या वेळाने थांबून रस्त्याकडे बघत होता. एकदा धूळ उठली. लोकांनी माना वळवल्या. वावटळ होती.

गुरुजी रांगेतून निघून त्याच्यापाशी आले.

“किती वाजेपर्यंत थांबायचं?”

“गुरुजी, रस्त्यात काही अडचण आली असेल.”

“किती वाजेपर्यंत?”

“मी वेळ कशी सांगू? ते मोठे साहेब आहेत.”

“बाईला काय सांगू?”

विश्वंभरने रस्त्याकडे पाहिलं.

“थांबा म्हणावं. जरा वेळ.”

गुरुजी आडोशाशी जाऊन बसले. आत पारूबाई कुणाला तरी चिंध्या मागत होती. एकदा मागितल्या. थोड्या वेळाने पुन्हा मागितल्या.

मग गुरुजी उठले आणि काठीकडे चालायला लागले.

…

अकरा वाजले होते.

गाड्या होत्या, पण बैल चारा छावणीत गेले होते. बाज आणायची तर गाव उलट्या दिशेला, जाऊन येऊन तासाचं. दवाखाना तालुक्याला, पायवाटेने तीन कोस. तिथवर बाईला न्यायचं तर झोळी करावी लागणार होती, आणि झोळी अडकवायला लांब, सरळ, न मोडणारं लाकूड हवं होतं.

गुरुजी काठीपाशी उभे राहिले तेव्हाच विश्वंभरच्या लक्षात आलं. तो धावला.

“गुरुजी, नाही. हात लावू नका.”

“दुसरं लाकूड दाखव.”

“अजून साहेब यायचेत. झेंडा फडकायचाय. काठी उपटली तर… हा झेंड्याचा अपमान होतो. आता कायद्यानं गुन्हा आहे तो.”

“दुसरं लाकूड दाखव, विश्वंभरा. मी परत फिरतो.”

विश्वंभरने चारी बाजूंना पाहिलं. दगड होते. दगडांचे ढीग होते. कुदळी होत्या, त्यांचे दांडे हातभर. खोपी नुसत्या तुराट्यांच्या होत्या.

“या झेंड्यासाठी तुम्ही हात मोडून घेतलात,” तो म्हणाला. “तुम्ही. आणि तुम्हीच…”

गुरुजींनी दोरीला हात घातला. डाव्या हाताची बोटं त्यांना नीट वळत नव्हती. गाठ घट्ट होती. विश्वंभरची गाठ. ते एका हाताने ती सोडवत राहिले. सगळी माणसं बघत होती.

दोरी एकदम सुटली तर झेंडा जमिनीवर पडेल, हे विश्वंभरला दिसलं. ते त्याला बघवलं नाही. त्याने गुरुजींचा हात बाजूला केला, गाठ स्वतः सोडली आणि दोरी हळूहळू खाली घेतली. घडी न उघडता झेंडा त्याच्या ओंजळीत उतरला. दोनचार कपटे गळाले.

“नीट धर,” गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी आणि लिंबाजीने वेळू हलवून हलवून खड्ड्यातून उपटला.

कुणी ओरडलं नाही. पारूबाईने आपलं जुनं नऊवारी सोडून दिलं आणि अंगाला पोतं गुंडाळलं. त्या नऊवारीची झोळी झाली. सोजरला तीत ठेवलं. पुढे दोन गडी, मागे दोन. बाकीचे हजेरी बुडू नये म्हणून कामावरच राहिले. लिंबाजी पुढे होता.

विश्वंभर काठीच्या खड्ड्यापाशी उभा होता. दोन्ही हात पुढे, हातांवर झेंडा.

“चल,” गुरुजी म्हणाले.

“साहेब आले तर?”

गुरुजी उत्तर द्यायला थांबले नाहीत. झोळी वाटेला लागली होती.

विश्वंभर थोडा वेळ तिथेच उभा राहिला. झेंडा खुर्चीवर ठेवावा असं त्याला वाटेना. कुणाच्या हातात द्यावा असंही वाटेना. मग तो झोळीच्या मागून निघाला.

…

पायवाट डोंगराच्या कडेने जात होती. सावली कुठेच नव्हती.

चार गडी झोळी वाहत होते, आणि चौघेही वर्षभर अर्धपोटी राहिलेले होते. दर फर्लांगाला खांदा बदलत. सोजर कण्हत नव्हती. मधूनच “आई” म्हणायची, तेही हळू.

गुरुजी झोळीच्या बाजूने चालत होते. विश्वंभर मागे. त्याचे हात भरून आले होते, पण त्याने ते खाली केले नाहीत.

दीड कोस गेल्यावर मागच्या गड्यांपैकी हैबती नावाचा एकजण गुडघ्यावर बसला. उठायला गेला, पुन्हा बसला. तोंडाला फेस आला होता.

“मला न्हाई जमायचं,” तो म्हणाला. एवढंच बोलून रडायला लागला.

झोळी खाली ठेवली. गुरुजींनी हैबतीला दगडाच्या आडोशाला बसवलं, येताना घेऊन जातो म्हणाले, आणि वेळूखाली स्वतःचा खांदा दिला.

“गुरुजी, तुम्ही नको,” विश्वंभर म्हणाला.

“मग?”

विश्वंभरने आपल्या हातांकडे पाहिलं.

“माझे हात…”

झोळी उचलली गेली.

विश्वंभर मागून बघत होता. गुरुजींचा खांदा वेळूखाली वाकला. पाय नीट पडेनात. एकदा ठेच लागली, त्यांनी तोल सावरला. दुसऱ्यांदा लागली तेव्हा सगळी झोळी हलली आणि आतून सोजर पहिल्यांदा ओरडली.

“थांबा,” विश्वंभर म्हणाला.

ते थांबले. तो झोळीच्या बाजूला आला आणि वाकला. सोजरचं तोंड पांढरं पडलं होतं. डोळे उघडे होते.

“बाई, हे जरा धरता का?”

“काय हाय?”

“झेंडा.”

तिने त्या घडीकडे पाहिलं.

“मास्तर, खराब व्हईल त्यो. माज्या अंगाला समदं रगत हाय.”

“असू द्या.”

“कायदा हाय म्हनत हुता न्हवं तुमी…”

“असू द्या, बाई. धरा.”

तिने हात लुगड्याला पुसले. मग झेंडा घेतला. तो अंगावर ठेवला नाही. दोन्ही हातांनी वर धरला, अंगापासून वीतभर लांब, म्हणजे डाग लागणार नाही.

विश्वंभरने गुरुजींच्या जागी खांदा दिला.

वेळू जड असतो हे त्याला माहीत होतं. वेळूला माणूस लटकलेलं असलं की तो हाडात शिरतो, हे त्याला माहीत नव्हतं. तो चालत राहिला. पुढे त्याला लिंबाजीची पाठ दिसत होती, आणि मधे झोळीच्या कडेवर उचललेले ते दोन बारीक हात, आणि हातांत झेंडा.

“खाली ठेवा अंगावर,” तो एकदा म्हणाला. “हात दुखतील.”

“न्हाई दुखत.”

गुरुजी बाजूने चालत होते. त्यांनीही पाहिलं. त्यांनी मान वळवली.

असा किती वेळ गेला ते विश्वंभरला नंतर सांगता आलं नाही. वाट उताराला लागली. लांबवर तालुक्याच्या गावची घरं दिसायला लागली. शाळेवरचा झेंडाही दिसला, ठिपक्याएवढा.

“आलं बघ, सोजर,” लिंबाजी पुढे बघतच म्हणाला. “आलं आता.”

तेव्हा तिचे हात खाली आले.

आधी एक. मग दुसरा.

विश्वंभरने ते पाहिलं. लिंबाजीला मागचं दिसत नव्हतं. तो चालत होता. विश्वंभरला त्याला थांब म्हणायचं होतं. त्याने गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजींनी मानेनेच सांगितलं, चालू दे.

ते दवाखान्यापर्यंत तसेच चालत गेले.

…

दवाखान्यात एकटा कंपाउंडर होता. त्याने झोळीत वाकून पाहिलं, सोजरचं मनगट धरलं, सोडलं.

“डॉक्टरसाहेब कुठं हायेत?” लिंबाजीने विचारलं.

“ते साहेबांबरोबर जीपमधून गेले. मघाशीच. झेंडावंदनाला. दगडवाडीला.”



जीप मोठ्या रस्त्याने गेली होती. ते पायवाटेने आले होते.

लिंबाजी भिंतीला पाठ लावून बसला. बऱ्याच वेळाने त्याने कंपाउंडरला पाणी मागितलं. तांब्या आला, तो त्याने आधी गुरुजींपुढे धरला.

दुपारीच तिला परत नेलं. हैबती दगडापाशी बसून होता. त्याने झोळीकडे पाहिलं आणि मुकाट्याने मागून चालायला लागला.

सरपण मिळेना. घराघरातून थोड्या तुराट्या आल्या, कुणी मोडकं दार आणलं, कुणी नांगराचं जुनं लाकूड. तेवढ्यात भागण्यासारखं नव्हतं.

लिंबाजी विश्वंभरपाशी आला. हातात वेळू होता.

“मास्तर, काठी शाळंची हाय. माघारी न्यायाची का?”

विश्वंभरने नकारार्थी मान हलवली.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. माणसं पांगली. गुरुजी आणि विश्वंभर वाटेवरच्या धोंड्यावर बसून राहिले.

“माझं देशावर प्रेम आहे, गुरुजी,” विश्वंभर म्हणाला.

“आहे.”

“मी खोटं वागत नव्हतो. सकाळपासून जे करत होतो ते मनापासून करत होतो.”

“माहीत आहे.”

“मग ती तिसऱ्या रांगेत होती. मी तिच्या अंगावरून चारदा गेलो. मला कसं दिसलं नाही?”

गुरुजींनी पायातला काटा काढला. बराच वेळ लावून काढला.

“तू वर बघत होतास,” ते म्हणाले.

…

साहेब दगडवाडीला दीड वाजता पोचले होते. काठी नव्हती, झेंडा नव्हता, रांगा मोडलेल्या. सात खुर्च्या उन्हात. ते खाली न उतरताच परत फिरले. ताम्रपटही त्यांच्याबरोबर परत गेला.

आठवड्याने विश्वंभरच्या हातात नोटीस पडली.

तो ती घेऊन दगडवाडीला आला. गुरुजी खडीच्या ढिगाशी बसले होते, डोक्यावर पोत्याची खोळ. विश्वंभरला बघून त्यांनी हातोडा खाली ठेवला.

“तीन प्रश्न विचारलेत,” विश्वंभर म्हणाला. “झेंडा उतरवला कुणी. काठी कुठे आहे. आणि झेंडा सध्या कोणत्या स्थितीत आहे.”

“मग?”

“काय लिहू?”

“झालं ते.”

“तुमचं नाव येईल.”

“येईलच.”

“ताम्रपट मिळणार नाही. खटलाही होईल कदाचित. या वयात पुन्हा…”

“तुरुंगातून बाहेर आलो तेव्हा मी नव्याण्णव पौंडांचा होतो. आता त्याहून जास्त आहे.”

विश्वंभर हसला नाही. तो समोरच्या दगडावर बसला. बसला तेव्हा त्याचा उजवा खांदा अजून अवघडलेला दिसला.

“डॉक्टर जीपमध्ये होते, गुरुजी. आपण आणखी थांबलो असतो तर ते आले असते.”

“दीड वाजता.”

“हो. दीड वाजता. आणि पारूबाईनं सांगितलं तेव्हाच निघालो असतो, तर ते दवाखान्यात भेटले असते.”

“भेटले असते.”

“मी रोज हिशेब लावतो. दहाला निघालो असतो तर. साडेदहाला निघालो असतो तर. मी तिला पहिल्यांदा उठवलं नसतं तर…”

गुरुजी ऐकत होते.

“पण हे त्यांनी विचारलेलंच नाही,” विश्वंभर म्हणाला. “बाईचं नावसुद्धा नोटिशीत नाही. कुणीच विचारलेलं नाही मला. लिंबाजीनंसुद्धा नाही. परवा वाटेत भेटला, रामराम केला त्यानं.”

“म्हणून तू इथवर आलास.”

विश्वंभरने नोटीस दुमडली.

“मी विचारेन म्हणून.”

विश्वंभरने मान खाली घातली. ढिगापलीकडे हातोडे पडत होते, एकामागून एक, ताल नसलेले.

“विचारा,” तो म्हणाला.

“नाही.”

“का?”

“माझ्यापुढं बोलून मोकळा होशील.”

विश्वंभरने खिशातून पेन काढलं, नोटीस उलटी केली आणि मांडीवर धरून लिहायला लागला. लिहीत होता आणि लिहिलेलं हलक्या आवाजात वाचत होता.

“सोजर लिंबाजी हिला रक्तस्राव होत असल्याचे मला सकाळी दहा वाजता सांगण्यात आले. मी अकरा वाजेपर्यंत तिला जाऊ दिले नाही. त्यापूर्वी ती बसली असता मी तिला उठवून उभे केले.”

“हे त्यांनी विचारलेलं नाही,” गुरुजी म्हणाले.

“नाही.”

“नोकरी जाईल.”

“जाईल. आईला सांगून आलोय.”

तो पुढे लिहायला लागला.

“झेंडा मी उतरवला. दोरी माझ्या हाताने सोडली.”

“वेळू मी उपटला. तेही लिही.”

“वेळू भुजंग गुरुजी व लिंबाजी यांनी उपटला.”

“लिंबाजीला काढ. त्याचं एवढं गेलंय.”

विश्वंभरने ‘व लिंबाजी’ खोडून एकच नाव ठेवलं. वाक्य सरळ केलं.

“काठी सोजरच्या चितेत जळाली.”

पेन थांबलं. तिसरा प्रश्न राहिला होता.

त्याने पिशवीतून धुतलेल्या धोतराचं एक गाठोडं काढलं आणि उलगडलं. आत झेंडा होता. सात दिवस त्याने तो घरात देवघराच्या वरच्या फळीवर ठेवला होता आणि एकदाही उघडला नव्हता. आता त्याने तो गुरुजींच्या समोर, दोघांच्या गुडघ्यांवर पसरला.

घडीतले उरलेले कपटे कापडाला चिकटले होते. पांढऱ्या पट्ट्यावर, चक्राच्या खालच्या बाजूला, तळहाताएवढा डाग होता. वाळून काळपट झालेला. त्याच्या कडेला बोटांचे ठसे होते, चार. तेवढेच. बाकीचं तिने सांभाळलं होतं.

गुरुजींनी वाकड्या हाताने कापडाची कड चाचपली.

“सुताचा आहे,” ते म्हणाले.

“हो.”

दोघे बघत राहिले.

“नियमाप्रमाणे असा झेंडा पुन्हा लावता येत नाही,” विश्वंभर म्हणाला. “एक तर कुणाला दिसणार नाही असा जाळून टाकायचा. नाही तर… मी विचार केला, धुतला तर डाग निघेलही. थंड पाण्यात भिजवला तर निघतो म्हणतात. मग लावता येईल. सव्वीस जानेवारीला हाच लावता येईल.”

गुरुजी काही बोलले नाहीत.

“सांगा ना, गुरुजी. धुवू का?”

गुरुजींनी झेंड्यावरून नजर उचलली. तलावाच्या खोदलेल्या, भेगाळलेल्या तळाकडे पाहिलं. तिथे माणसं वाकून दगड वेचत होती.

“पाणी कुठंय, विश्वंभरा?”